गोफणीला चार

"चार," शिवशंकर म्हणाला, वहीत आकडा टिपला आणि आयुषकडे वळला. बस, एवढंच झालं. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही, तरी सुकन्याला ते सोसलं नाही. मे महिन्यातली रविवारची दुपार, भारनियमनाची वेळ, डोक्यावरचा पंखा बंद, कॉम्प्युटर क्लासच्या वरच्या खोलीत चौघं घामानं निथळत बसलेले, आणि खिडकीतून मोंढ्यातल्या हळदीचा नाकात झोंबणारा वास. क्लास शिवशंकरचा. तो मूळचा आखाडा बाळापूरचा, पुण्यात इंजिनियरिंग करून आला तेव्हा डिग्रीबरोबर एका जाडजूड पुस्तकाची स्पायरल झेरॉक्स आणि फाशांची थैली घेऊन आला होता. त्याचा हा खेळ म्हणजे ना पत्ते, ना कॅरम. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि कुणाचा वार लागला नि कुणाचा हुकला ते फाशांनी ठरवायचं. सांगणारा शिवशंकर. खेळणारे तिघं: त्याची कॉलेजात नोकरीला असलेली बायको मोहिनी, बँकेतला आयुष, आणि मोहिनीच्याच कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये काम करणारी सुकन्या. दीड वर्ष झालं, एक रविवार चुकला नव्हता. आणि आज खिंडीत घोड्यावर बसून पोलादी सरदार आडवा आला होता, सुकन्याच्या भिकाबाईनं गोफण फिरवली होती, वीस तोंडांच्या फाशावर वीसच्या वीस पडले होते, दगड सरदाराच्या उघड्या गालफडावर बसला होता. आता किती लागलं ते बघायला गोफणीचा फासा टाकायचा. तो चार तोंडांचा. त्याच्यावरही चारच आले. याहून चांगला दगड जगात पडूच शकत नव्हता. आणि शिवशंकर म्हणाला, चार. सरदाराच्या जिवाचे आकडे सत्तावन्न होते, त्रेपन्न उरले.

"त्रेपन्न?" सुकन्या म्हणाली. "गालफडात दगड बसला ना रे त्याच्या."

"बसला की. म्हणून तर चार."

आयुष हसला. वाईट हसला नाही, आयुषला वाईट हसता येतच नाही, पण हसला. त्याच्या माणसाकडे तलवार होती, तलवारीला आठ तोंडांचा फासा. मोहिनीच्या धनुष्यालाही आठ. पुस्तकात तक्ताच होता तसा, शिवशंकरनं तो मराठी करून भिंतीला डकवला होता: शस्त्रं डावीकडं, चिलखतं उजवीकडं. पोलादी पत्र्याचं चिलखत आठ, साखळ्यांचं पाच, कातड्याचं दोन. घोंगडं म्हणजे कपडा, कपड्याला शून्य. अगदी तळाला, जिथं चिकटपट्टी सुटून कागद गुंडाळला गेला होता, तिथं गोफण. सुकन्यानं तो तक्ता शंभर वेळा बघितला असेल. पण बघणं वेगळं आणि आपला दगड माणसाच्या तोंडावर बसल्यावर 'चार' ऐकणं वेगळं. टेबलावरचा तो चार तोंडांचा निळा फासा तिनं उचलला आणि मुठीत घट्ट धरला. आयुषनं हात पुढं केला, त्याला तो फासा सुऱ्यासाठी पाहिजे होता. तिनं दिला नाही.

चार म्हणजे किती, हे या तिघांना काय ठाऊक? तिला ठाऊक होतं. नऊ वर्षांची होती ती. गावाकडं, साखऱ्याच्या माळावर, वडिलांच्या, आबाच्या, मागं मागं हिंडायची, आणि एका दसऱ्याला आबानं तिच्या हाताच्या मापाची गोफण विणून दिली होती, काळ्या-पांढऱ्या लोकरीची. एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं चिमटीत धरायचं, डोक्यावरून एकच फेर घ्यायचा आणि चिमूट सोडायची. सोडली की दोरीचा जो फाटकन आवाज होतो, त्या आवाजाच्या मोहात ती दिवसभर दगड फेकत राहायची. एक तांबडी मेंढी सारखी दुसऱ्याच्या तुरीत घुसायची. चारदा हाकलली, पाचव्यांदा सुकन्याला राग आला. वळवायला नाही, रागानं टाकला दगड. मेंढीच्या पुढच्या पायावर लागला आणि तुरकाठी मोडावी तसा कडकन आवाज आला. इतक्या लांबून ऐकू आला. मेंढी ओरडलीसुद्धा नाही, नुसती बसली. आबा आला, त्यानं पाय चाचपला, कामट्या लावून चिंधी बांधली, मेंढी खांद्यावर घेतली, आणि जाता जाता सुकन्याच्या हातातून गोफण काढून घेतली. वर्षभर गोफण दिली नाही. नऊ वर्षांच्या पोरीचा हात, मुठीएवढासुद्धा नसलेला दगड आणि साठ पावलांवरचं हाड. आता ती फिजिक्सच्या लॅबमध्ये रोज पोरांना वेग आणि वस्तुमान समजावत होती, ते गणितही तिला येत होतं, पण गणिताची गरज नव्हती. तो कडकन आवाज कानात होता. आणि हा बाबा म्हणतो, चार.

"हे चुकीचं हाय," ती म्हणाली. या खोलीत ती 'आहे' म्हणायची. 'हाय' बाहेर पडलं तेव्हा मोहिनीनं मान वर केली.

"तुला वाटतं ते ठीक आहे, पण नियम सगळ्यांना सारखे," शिवशंकर म्हणाला. त्याची हीच पंचाईत होती, माणूस न्यायी होता. खेळात बायकोचं पात्र मरत होतं तेव्हाही त्यानं अर्धा आकडा सोडला नव्हता. "उगीच लिहिलेलं नाही त्यांनी. वजन, पल्ला, सगळ्याचा विचार केलेला असतो."

"विचार? मे महिन्यात आयुषचा माणूस पोलाद घालून बारा कोस चालून आला, त्याचा विचार केलाय का? हिंगोलीहून कळमनुरीला नुसता पत्र्याचा डबा डोक्यावर घेऊन चालून दाखव बरं तू. वाटंतच भाजून निघशील."

"तो देश थंड आहे."

"थंड असंल तर घोंगड्याला शून्य काहून? थंड देशात घोंगडं लई कामाचं. अन् माळावर लांडगा आला की घोंगडं डाव्या हाताला गुंडाळून त्याच्या जबड्यात देतात, दात रुतत न्हाईत त्याचे. हे कुठं लिहिलंय तुझ्या पुस्तकात?"

ती बोलत होती आणि तिचं तिलाच नवल वाटत होतं. या चौघांत तिनं इतकं कधी सांगितलंच नव्हतं. परभणीच्या होस्टेलमध्ये पहिल्या आठवड्यात एका पोरीनं विचारलं होतं, तुझ्या पांघरुणाला कसला गं वास येतो? घोंगडं होतं ते, आईनं, चांगुणाबाईनं, चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेलं. दुसऱ्या दिवशी सुकन्यानं ते पेटीच्या तळाशी घातलं आणि तीन वर्षं तिथंच ठेवलं. हिवाळ्यात कुडकुडली, पण काढलं नाही. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून शेती लिहिलं. शेती होती, दीड एकर, खोटं नव्हतं. नोकरीच्या फॉर्मवरही शेती. आणि दीड वर्षापूर्वी या टेबलावर शिवशंकरनं कोरं पान पुढं सरकवलं, नाव लिही, व्यवसाय लिही, काय पाहिजे ते हो, राणी हो, चेटकीण हो, तेव्हा तिच्या हातानं लिहिलं: भिकाबाई, मेंढपाळ, शस्त्र गोफण. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. ते लिहून झाल्यावर तिला एवढं मोकळं वाटलं होतं की घरी जाताना ती ऑटो सोडून पायी गेली. आता भिकाबाईचे सहाच उरले होते. सरदाराची पाळी आली की एका वारात संपली असती, आणि मेलेल्या माणसाचं पान सगळ्यांसमोर फाडायचं, हा शिवशंकरचा स्वतःचा नियम होता. भिकाबाईचं पान फाडायचं म्हणजे काय फाडायचं, हे ती कुणाला सांगू शकत नव्हती. पण ती फाडणार नव्हती, एवढं तिच्या मनाशी पक्कं झालं.

"साखऱ्याला चल," ती म्हणाली. "माझ्या आबाच्या हातची गोफण बघ. मग लिही तुझा आकडा."

शिवशंकरनं पुस्तक मिटलं. "चालेल. तेलाचा डबा ठेवू मातीनं भरून. दगडानं पत्रा फाटला तर गोफणीला आठ. लिहून देतो. नाही फाटला तर चार, आणि परत वाद नाही." सुकन्या व्हय म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की आपण काय कबूल केलं ते तिच्या लक्षातच आलं नाही. निळा फासा मुठीत घेऊनच ती जिना उतरली.

पुढच्या रविवारी सकाळीच चौघं काळीपिवळी जीपमध्ये कोंबून निघाले, मोहिनीच्या मांडीवर रिकामा डबा. आबा, म्हणजे ज्ञानबा, माळावरच होते. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, सावलीला उभं राहून पाहुण्यांकडे बघत होते. पोरीच्या हापिसातली माणसं आली म्हणून त्यांनी सगळ्यांना रामराम घातला, मोहिनीला बाई म्हणाले, शिवशंकरला साहेब. साहेब म्हटल्यावर सुकन्याच्या कपाळावर आठी पडली. तिनं समजावलं, आबा, त्या डब्यावर दगड टाकायचा, इथून. ज्ञानबांनी डबा बघितला, मातीनं भरलेला, दगडांच्या ढिगावर ठेवलेला, सत्तर-ऐंशी पावलांवर. बरं म्हणाले. कमरेची गोफण सोडली, दगड वेचले, एकच फेर घेतला. फाट! डब्याच्या अलीकडं धूळ उडाली. "एक," शिवशंकर म्हणाला. दुसरा दगड. धूळ. तिसरा. तोही अलीकडं. ज्ञानबा आपले शांतपणे टाकत होते, ना घाई ना चुळबुळ, आणि प्रत्येक दगड डब्याच्या हातभर अलीकडं पडत होता. पाचव्याला आयुषनं घसा खाकरला. आठव्याला मोहिनी दुसरीकडं बघायला लागली. सुकन्याचे कान तापले. म्हातारा झाला का हा? नजर गेली का याची? आणि त्याच्या मागोमाग, तिला आवरायच्या आत, तो जुना घाणेरडा विचार आला, होस्टेलमधला: ह्याला कुठून आणलं मी पुढं. बापाची लाज वाटली तिला. सत्तावीस वर्षांची घोडी, नोकरदार बाई, आणि माळावर भर उन्हात बापाची लाज वाटली.

"आबा, मारा ना त्याला!" ती ओरडली.

ज्ञानबांचा हात थांबला. त्यांनी वळून लेकीकडं बघितलं. "काहून? काय केलं त्यानं?"

"अवं पण निशाणा हुकून राहिला तुमचा!"

"हुकला?" आता मात्र म्हाताऱ्याला राग आला. पटका मागं सारून ते म्हणाले, "कुठं हुकला? बराबर त्याच्या म्होरं टाकून राहिलो की. अन् ते डबडं वळंना, त्याला मी काय करू?"

शिवशंकर खो खो हसला. वाकून वाकून हसला, डोळे पुसले. "बारा झाले," तो म्हणाला, "बारा दगड, एकही नाही लागला. चारसुद्धा जास्त होतात, सुकन्या." ज्ञानबाही हसले थोडे, साहेब हसतात म्हणून. आयुष तेवढा हसला नाही. तो डब्यापाशी चालत गेला आणि उकिडवा बसला. बराच वेळ बसला. मग त्यानं हाक मारली, "इकडं या जरा." मातीत बारा खड्डे होते, काही एकमेकांत मिसळलेले. आयुषनं दोन्ही हातांचा वेढा करून दाखवला. सगळे परातीएवढ्या जागेत होते. ऐंशी पावलांवरून परातीएवढ्या जागेत बारा दगड. "बँकेत एक नेमबाज गार्ड आहे आमच्या," आयुष म्हणाला, "त्यालाबी बंदुकीनं जमणार न्हाई हे." शिवशंकर कंबरेवर हात ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, "पण लागलं तर नाही ना." आणि तेही खरंच होतं.

परतीच्या वाटेवर सुकन्या खिडकीला टेकून बसली. चांगुणाबाईनं बांधून दिलेली भाकरी मांडीवर गरम लागत होती. तिला शिवशंकरचा राग नव्हता आला, तिला स्वतःचा आला होता, असा की दातांवर दात दाबले तरी जाईना. मीच नेलं यांना. मीच त्या म्हाताऱ्याला उन्हात परीक्षेला उभं केलं, एका पुस्तकापुढं, जे त्यानं कधी बघितलं नाही. आणि परीक्षेतला प्रश्नही पुस्तकाचाच. लागलं का, किती लागलं, किती उरले. चार नको, आठ दे. आठ मागितले मी! भीक मागितल्यासारखे. आबाच्या गोफणीला आठ मिळाले असते तर काय झालं असतं, तीही तलवार झाली असती, आयुषच्या तलवारीसारखी, आणि तक्त्यात तळातून उचलून मधे कुठंतरी बसवली असती तिला. चाळीस वर्षं या माणसानं दगड टाकले, रोज शेकडो, आणि त्यातला एकही कुणाला लागू नये म्हणून टाकले. कळपाच्या पुढं, चुकार मेंढीच्या नाकापुढं हातभर, धूळ उडाली की ती मान वळवते आणि तिच्या मागं एकशे चाळीस वळतात. हात जरासा हलला तर पाय मोडतो. माझा हलला होता. म्हणून तर वर्षभर गोफण दिली नाही त्यानं, मारलं म्हणून नाही नुसतं, त्याचं सगळं शिक्षणच मी मातीत घातलं म्हणून. हे माझ्या अंगात भिनलेलं असायला पाहिजे होतं आणि मी ओरडले, मारा ना त्याला. सेनगावला गाडी थांबली, दोन बाया चढल्या, बसायला जागा नव्हती, सुकन्यानं उठून जागा दिली. मागच्या पायरीवर दांडी धरून उभं राहिल्यावर तिला जरा बरं वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी ती क्लासच्या जिन्यानं वर गेली तेव्हा तिघं आधीच बसले होते. तिनं निळा फासा टेबलावर ठेवला आणि दूर सारला. शिवशंकरनं खेळ जिथं थांबला होता तिथून उचलला. तो सांगायचा छान, त्याबद्दल कुणी नावं ठेवावीत असं नव्हतं. खिंड, वाट जेमतेम दोन बैलगाड्यांची, एका अंगाला भिंतीसारखा उभा कडा, घोड्यावर पोलादी सरदार, त्रेपन्न उरलेले, तलवार उपसलेली. भिकाबाईचे सहा. "सरदार घोडा दामटतो," शिवशंकर म्हणाला. "तो पोचायच्या आत तुझा एक डाव आहे. काय करतेस?"

"घोड्याच्या नाकाम्होरं दगड टाकते. हातभर अलीकडं. कड्याच्या अंगाला वळवते त्याला."

शिवशंकर पानं चाळायला लागला. बराच वेळ चाळली. "असा नियम नाहीये. शिवाय तो लढाईचा घोडा आहे, शिकवलेला. दगडाला बुजणार नाही."

"जनावराला कितीबी शिकव. नाकाम्होरं धूळ उडाली की मान वळतीच."

"बरं. वीसचा फासा टाक. अठराच्या वर आले तर वळला."

"फासा न्हाई टाकत मी."

"म्हणजे?"

"म्हणजे न्हाई टाकत. बारा दगड बघितलेस ना तू? मोठ्यानं मोजलेस. त्यातला एक तरी फाशावर पडला का? बारा टाकले काय अन् बाराशे टाकले काय, तिथंच पडले असते. ज्याला येत न्हाई त्यानं फासा टाकावा."

"ते तुझ्या वडिलांनी टाकले, सुकन्या. भिकाबाईनं नाही."

"भिकाबाई कोण हाय मग?" तिचा आवाज चढला, खिडकीबाहेर रस्त्यावर गेला असेल. "माझा आबा हाय तो. माझी आई हाय. मी हाय. आमी मेंढरं वळणारे धनगर हाओत, दीड वर्ष झालं ते लिहून मी हितं बसून राहिले, अन् तुमाला कुणाला कधी सांगितलं न्हाई. आता सांगते. आणि तुझे आठ मला नको, तुझ्याजवळच ठेव ते."

शिवशंकरचा चेहरा लाल झाला होता. तो हट्टी होता, आणि त्याच्या बाजूनंही तो खराच होता: फासा नसला तर मग कुणीही काहीही म्हणेल, दीड वर्षाचा सगळा डोलारा कशावर उभा राहणार? तसं त्यानं बोलूनही दाखवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "डाव वाया गेला. सरदाराचा वार बसला. अकरा. भिकाबाई मेली. पान फाड."

सुकन्यानं पान हातात घेतलं. कडा मऊ पडल्या होत्या त्याच्या, खोडून खोडून आकड्यांच्या जागी कागद विरला होता. तिनं ते सरळ केलं आणि पुन्हा आपल्यापुढं ठेवलं.

"तुझ्या पुस्तकात मेली असंल," ती म्हणाली. "हितं न्हाई मेली. घोडा वळला. अंगावर एवढं पोलाद, सरदाराला तोल सावरंना, पडला वाटंवर उताणा, उठता येईना त्याला. मी बाजूनं मेंढरं काढली. खिंड संपली. खाली नदी दिसून राहिली, पाणी थोडंच हाय, पण हाय. मेंढरं पाण्यावर घालते."

शिवशंकर पुस्तकावर हात ठेवून बसला होता. पंखा अजून बंदच होता. मोहिनीनं नवऱ्याकडं बघितलं, मग सुकन्याकडं.

"किती आहेत गं मेंढरं?" तिनं विचारलं.

"एकशे चाळीस. सतरा कोकरं."

"मी मागं थांबते मग. कोकरं मागं पडतात ना?"

"पडतात. दोन उचलून घे."

"मी ते चिलखत काढून टाकलं," आयुष म्हणाला. "सरदाराशेजारीच ठेवलं. लई उकडून राहिलं होतं." त्यानं खरोखर शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि खुर्ची पुढं ओढली. पुढची वाट सुकन्या सांगत गेली. नदीच्या काठाला चिखल कुठं आहे, कळप कुठून उतरवायचा, पाणी पाजताना कुणी कुठं उभं राहायचं. एकदाही ती अडखळली नाही. भिंतीवरचा तक्ता तिच्या पाठीमागं होता आणि त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. शिवशंकर उठून जाईल असं तिला वाटत होतं, जा म्हणावं, क्लास त्याचाच होता, आपल्याला घालवूही शकत होता, तरी ती थांबणार नव्हती. रस्त्यावर बसूनही तिनं ती मेंढरं पार नेली असती.

शेवटी त्यानं पुस्तकावरचा हात उचलला.

"त्या पाण्यावर," तो म्हणाला, आणि थांबला. पुण्याला गेल्यापासून टाकून दिलेली बाळापूरची बोली त्याच्या तोंडात आली. "त्या पाण्यावर लांडगा असंल का?"

"असतोच," सुकन्या म्हणाली. "तू मागं राहू नको."